मांडव कधी झाला?

माझ्या मुलीचं लग्न संपलं कधी, ते मला पक्कं ठाऊक आहे. ती गाडीत बसली, तिची आई पायरीवर बसली आणि मी कुणी न सांगता खुर्च्या गोळा करायला लागलो, तेव्हा संपलं. पण ते सुरू कधी झालं, हे मला आजही सांगता येत नाही. ऐकणाऱ्याला वाटतं, याच्यात काय अडलं आहे? आमचं फार अडलं होतं. एका माणसाच्या चितेला आग कोणी द्यायची, ते त्या एका गोष्टीवर ठरणार होतं.

मी तर्कशास्त्र शिकवतो, तालुक्याच्या गावी, अकरावी-बारावीच्या पोरांना. दरवर्षी एक तास राशीच्या कोड्यासाठी राखून ठेवतो. फळ्याकडे पाठ करून विचारतो, धानाची रास आहे, त्यातला एक दाणा काढला, रास राहिली का? राहिली. आणखी एक काढला? तरी राहिली. असं करत करत शेवटी एकच दाणा उरला, तर ती रास आहे का? नाही ना? मग कोणता दाणा काढला तेव्हा रास मोडली? पोरं एकमेकांकडे बघतात. एकदा मागच्या बाकावरून उत्तर आलं होतं, "सर, आभाळ भरून आलं हाये, थे धान पहले पोत्यात भरा." वर्ग हसला, मीही हसलो. परीक्षेत या प्रश्नाला पाच गुण असतात. माझ्या लेखी त्याची किंमत तेवढीच होती.

स्वभावाने मी तापट आहे. मला हो किंवा नाही ऐकायची सवय; तिसरं काही ऐकलं की डोकं फिरतं. बायको शहापूरची, हायवेवरची. तिच्या मते आमच्या आसगावात साधी गोष्टसुद्धा धानाच्या चार बांध्यांना वळसा घालून घरी येते. लग्नाच्या त्या दिवसांत तिचं म्हणणं मला पहिल्यांदा पटलं.

आमच्याकडे आता जेवणावळ समाजभवनात होते. कापडी टेंट येतो, दिव्यांच्या माळा येतात, फोटोवाला ड्रोन उडवतो. पण घरच्या अंगणात हिरवा मांडव लागतोच. मेढी, म्हणजे लाकडी खांब, रोवायच्या, वर बांबू आडवे बांधायचे, त्यावर जांभळाच्या ओल्या फांद्या दाट पसरायच्या. पहिली मेढ भाऊकीतल्या वडीलधाऱ्याने रोवायची. आणि या मांडवाला एक नियम चिकटलेला आहे. भाऊकीत कुणी गेलं तर सगळ्यांना सुतक, आणि सुतकात लग्न नाही. मात्र मांडव आधी झाला आणि मरण नंतर आलं, तर लग्नघर मोकळं. लग्न लागतं. फक्त त्या घरच्या माणसाने मयताकडे फिरकायचं नाही. खांदा द्यायचा नाही, लग्नानंतर मांडवदेव उठेपर्यंत त्या उंबरठ्यावर पाय ठेवायचा नाही. आणि हे सगळं बातमी कानावर पडल्यापासून नाही, जीव गेल्यापासून धरायचं, असं आमच्या भाऊकीत चालत आलेलं. लहानपणापासून हा नियम ऐकत होतो. आधी मांडव की आधी मरण, यापेक्षा सोपं काय असू शकतं, असंच मला वाटायचं.

पहिली मेढ रोवायला काका आले. काका म्हणजे माझ्या वडिलांचे चुलत भाऊ. आमच्या अंगणासमोर गल्ली, गल्लीपलीकडे त्यांची ओसरी. वडील गेल्यावर माझ्या लग्नापासून विहिरीच्या मोटारपंपापर्यंत प्रत्येक गोष्टीत त्यांनी नाक खुपसलं, आणि मी त्यांच्याशी प्रत्येक गोष्टीत भांडलो. त्यांना मुलगा नाही. एक मुलगी, रायपूरला दिलेली. चारचौघांत ते मला म्हणायचे, "मले आग तूच देशील. आन नीट देजो बापा, तुह्यानं साधी चूल पेटत नाही." मी म्हणायचो, "देईन, पण आधी जा तर खरं." सगळे हसायचे. हसण्यावारी नेलेलं असलं तरी ते ठरलेलं होतं. काकूंनाही माहीत होतं, मलाही.

त्या सकाळी ते खांद्यावर दुपट्टा आणि हातात खड्डा खणायची सब्बल घेऊन आले. खड्ड्यात हळदकुंकू, सुपारी टाकली, आंब्याचा डहाळा बांधला, मेढ उभी केली. मी म्हटलं, "काका, वाकडी आहे."

"तुही नजर वाकडी हाये," ते म्हणाले. मग खुर्चीवर बसले आणि छातीवर हात फिरवला. "गॅस झाली असन." बायकोने लिंबूपाणी दिलं. ढेकर देऊन ते उठले. "जरासा जाऊन पडतो. फांद्या दाट टाकजा. पोरीवर उनाचं कवडसं पडाले नोको." गल्ली ओलांडताना मी त्यांना पाहिलं. चाल नेहमीसारखीच होती. निदान तेव्हा तरी तसंच वाटलं.

फांद्यांची ट्रॉली वेळेवर आली नाही. कोंढ्याच्या रस्त्यावर टायर पंक्चर. तोवर पोरांनी बाकीच्या मेढी रोवल्या, बांबू बांधले, मग सगळे सावलीला बसून मोबाइल बघत राहिले. मी चिडचिड करत आतबाहेर करत होतो. दुपारी ट्रॉली आली. फांद्या चढू लागल्या. मधेच चहा आला. माणसं शिडीवरून उतरली, कुणी उतरली नाहीत, कुणी एका हातात कप धरून दुसऱ्या हाताने फांदी सरकवत होतं. आणि गल्लीपलीकडून काकूंची किंकाळी आली.

त्या क्षणी मांडव कुठवर आला होता?

मी कितीदा डोळे मिटून ते अंगण बघायचा प्रयत्न केला आहे. एका आठवणीत विहिरीकडची बाजू झाकली आहे आणि तुळशीकडची उघडी आहे. दुसऱ्या आठवणीत तुळशीवर सावली आहे. दोन्ही आठवणी सारख्याच स्वच्छ आहेत, आणि दोन्ही माझ्याच आहेत. मला माझाच राग येतो.

काही माणसं धावली. काही जागच्या जागी थांबली. आणि माझा साळा, शहापूरचा हुशार गडी, धावला नाही, थांबलाही नाही. तो शिडीवर होता. त्याने खालून हाताला लागतील तेवढ्या फांद्या ओढून घेतल्या आणि भराभर वर फेकायला सुरुवात केली. फेकता फेकता ओरडत होता, "झाला! मांडव झाला!" मी खालून बघत होतो. त्याला थांबवावं असं मला वाटलं, आणि थांबवू नये असंही वाटलं. त्याच्या हातातली कोणती फांदी किंकाळीच्या आधीची आणि कोणती नंतरची, हे त्याला तरी सांगता आलं असतं का? पाच-दहा मिनिटांनी अंगणात पाहिलं तर मांडव पूर्ण होता. हिरवागार, दाट, काकांनी सांगितला होता तसा.

काका गेले होते. ओसरीत खाटेवर झोपलेले होते, तसेच गेले.

काय वाटलं ते सांगतो. आधी काहीच वाटलं नाही. मग रडू आलं. आणि त्याच्या मागोमाग, लाज वाटते पण खरं आहे, मनात आलं की आता लग्नाचं काय? जावई फौजेत. सुटी मोजकी, पुढची कधी मिळेल ते त्यालाही माहीत नव्हतं. पोरीच्या हातावर मेंदी ओली होती. एकाच डोक्यात ही दोन माणसं भांडत होती. काकांसाठी रडणारा कोण आणि तारखेची काळजी करणारा कोण, हे मला वेगळं करता येईना.

अंगणाबाहेर निंबाखाली भाऊकी जमली. मोठे बाबा, आमच्या भाऊकीतले सगळ्यांत वडील, मधे बसले. त्यांनी सरळच विचारलं, "मांडव झाल्ता का नाई?"

एकजण म्हणाला, "मेढ रोवली थेच मांडव. सकाळीच झाला."

"एका मेढीचा मांडव होते का गा? मंग बाकीच्या कायले रोवता?"

"बरं, मेढी तं सगळ्या झाल्त्या."

"मेढी झाल्या म्हंजे कुंपन झालं. मांडव सावलीचा राह्यते."

"सावली होती. मी खालीच बसून चाय पिऊन राह्यलो होतो."

"तू ट्रॉलीच्या सावलीत बसला होता, बे."

हसू नये अशा वेळी दोघेतिघे हसले. कुणी म्हणालं, बायका खाली बसून गाणी म्हणतात तेव्हा मांडव. कुणी म्हणालं, आत शिरताना मान वाकवावी लागते तेव्हा मांडव. प्रत्येकाचं म्हणणं ऐकलं की तेच बरोबर वाटायचं. दुसरा बोलला की पहिल्याचं पुसलं जायचं.

मग सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. "सर, तुमी सांगा. तुमी तं हेच शिकवता."

मला तोंड उघडायचं नव्हतं. पण मास्तर माणूस, विचारलं की बोलायचंच. मी म्हणालो, "असं बघा. एक फांदी कमी असती तर मांडव मांडव राहिला नसता, असं आपण म्हणू शकतो का? नाही. म्हणजे शेवटच्या फांदीआधीही तो मांडव होता. त्याच्या आधीच्या फांदीआधीही. असं मागे मागे गेलं तर..." मी थांबलो. असं मागे मागे गेलं तर उघड्या अंगणालाच मांडव म्हणावं लागलं असतं. आणि दुसऱ्या टोकाकडून निघालो असतो तर हिरव्या मांडवालाही नाही म्हणावं लागलं असतं. वर्गात हे बोलताना मजा यायची. इथे पंधरा माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती, घरात पोर होती, आणि समोर ओसरीत काका होते.

"समजलं," मोठे बाबा म्हणाले. "तुमच्यानं होत नाही. राहू द्या."

त्यांनी मग दुसऱ्या टोकाला हात घातला. मांडव कधी झाला ते ठरत नसेल, तर काका कधी गेले ते तरी ठरवा. गावातला डॉक्टर येऊन गेला होता. त्याला गाठून विचारलं. तो म्हणाला, "थोडा वेळ झाला असन."

"थोडा म्हंजे?"

"थोडा म्हंजे थोडा, बाबाजी. झोपेतच गेले. आता मी काय सांगू?"

म्हणजे तिकडेही तेच. सकाळी गल्ली ओलांडून गेलेले काका जिवंत होते, एवढं नक्की. किंकाळीच्या वेळी नव्हते, तेही नक्की. मधल्या वेळात कुठेतरी, झोपेच्या आड, त्यांचा श्वास थांबला, आणि त्याच मधल्या वेळात कुठेतरी आमच्या बांबूंचा मांडव झाला. दोन्ही धुकं. आणि या दोन धुक्यांतलं आधीचं कोणतं, ते आम्ही शोधत होतो. माझं डोकं भणभणायला लागलं. मी मोठ्याने म्हणालो, "लग्न पुढे ढकला! मी आग देतो." आणि दुसऱ्या श्वासाला म्हणालो, "नाही, थांबा." बायकोने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी उठून उभा राहिलो.

मी घरात गेलो. मुलगी मेंदीचे हात हवेत धरून बसली होती. रडून रडून नाक लाल, आणि नाक पुसायला हात नाहीत. मी माझ्या रुमालाने पुसलं. ती म्हणाली, "बाबा, आजोबांना आग तुम्हीच द्यायची होती ना?"

"हो."

"मग?"

"तू सांग. लग्न पुढे ढकलू?"

तिने मान हलवली. ती हो होती की नाही, मला कळलं नाही. पुन्हा विचारायला हवं होतं. पण बाहेरून हाक आली आणि मी उठलो. खरं तर हाक आली म्हणून मला सुटल्यासारखं झालं.

मोठ्या बाबांनी ठरवलं होतं की काकूंनाच विचारायचं. नवऱ्याजवळ घरात तीच होती. ती सांगेल ते खरं, पुन्हा कुणी तोंड उघडायचं नाही. ते उठले. माझा साळा त्यांच्याबरोबर निघाला. भाऊकीबाहेरचा माणूस, त्याला सुतकाची भीती नव्हती. मीही चार पावलं गेलो. बायकोने माझी बाही धरली. "तुमचा पाय एकदा त्या घरात पडला, की मग विचारायचं काय राहिलं?" ती म्हणाली. बरोबरच होतं तिचं. मांडव झालेला असेल तर मी तिकडे जाता कामा नये, आणि नसेल झालेला तर जायलाच हवं. ते ठरेपर्यंत मी जायचं की नाही, याला नियमात जागाच नव्हती. मी गल्लीच्या अलीकडे उभा राहिलो. तिथून ओसरीत काकूंचा पदर दिसत होता, चेहरा खांबाआड होता.

ते फार वेळ आत नव्हते. साळा पुढे, मोठे बाबा मागे. साळ्याच्या चालण्यावरूनच समजलं.

"त्याची बायको म्हन्ते," मोठे बाबा सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "त्याची खाट इकडं तोंड करूनच होती. मांडव हिरवा झाला थे त्यानं पाह्यलं. झाला म्हणाला. आन मंग गेला."

झालं. अंगणातली माणसं एकदम हलायला लागली. बायको भिंतीला टेकून रडली. ते सुटकेचं रडणं होतं की काकांसाठीचं, मी विचारलं नाही. साळ्याने व्याह्यांना फोन लावला. मीही सुटकेचा श्वास सोडला. तो श्वास सोडल्याचा राग मला त्याच क्षणी आला. मग वाटलं, काका खरंच तसं बघत गेले असतील तर किती चांगलं झालं. आणि मग वाटलं, आता ते माझे राहिले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी, रायपूरची मुलगी पोचल्यावर, काकांना नेलं. तलावाकडे जायची वाट आमच्याच दारावरून. निम्मी भाऊकी तिरडीबरोबर होती. मी मांडवात उभा होतो, अंगाला हळद लागायची होती म्हणून नव्या बनियनवर. मोठे बाबा जाता जाता म्हणाले, "आत हो." मी आत झालो. आग कोंढ्याच्या एका पोराने दिली, काकूंच्या भावाच्या मुलाने. भाऊकी असताना माहेरच्या माणसाने आग द्यावी, याची गावात चर्चा झाली असणार. माझ्यापर्यंत कुणी येऊ दिली नाही.

लग्न चांगलं झालं. डीजे लावला नाही, बाकी सगळं झालं. फोटोंत मी हसतो आहे. बघणारे म्हणतात, बापाचा चेहरा किती खुलला आहे. मी ते फोटो निरखून बघितले आहेत. हसू खोटं नाही. आतून हुंदका आलेला असतानाही माणूस खरं हसू शकतो का, की कुठेतरी एक जागा असते जिथून पुढे ते खोटं होतं, हे मला त्या फोटोंवरून ठरवता आलेलं नाही.

मांडवदेव उठले, तशी मी चप्पल घातली आणि गल्ली ओलांडली. काकू ओसरीत जमिनीवर बसल्या होत्या. रायपूरची मुलगी आत भांडी घासत होती. काकूंनी मला पाहिलं, पदर सारखा केला. "बस," म्हणाल्या. "पोर पोचली का नीट?"

"पोचली."

"जावई बरा हाये?"

"बरा आहे."

त्यांनी आत हाक मारून माझ्यासाठी पाणी मागवलं. मी पाणी प्यायलो. माफी मागावी तर कशाची? मी नियम पाळला होता. आणि न मागावी तर इथे आलो कशाला? मग तर्कशास्त्राचा मास्तर जे करतो तेच मी केलं. प्रश्न विचारला.

"काकू, काकांनी खरंच मांडव पाहिला का? खरंच झाला म्हणाले?"

काकूंनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. रागाने नव्हे. एखादं सामान घरात ठेवावं की टाकून द्यावं, ते ठरत नसताना आपण बघतो तसं.

"मले काय मालूम, बाबू," त्या म्हणाल्या. "मी मांगच्या घरात चुलीपाशी होती. चाय घेऊन आली तवा पाह्यलं. कवा गेले, कसे गेले, काही बोलले का, मले नाई मालूम."

"मग तुम्ही मोठ्या बाबांना..."

"त्यायनं इचारलं, मांडव झाल्यावर गेले का? पोरीचं लगन व्हावं म्हनूनच इचारून राह्यले होते थे. मले समजलं. तं म्या हो म्हनलं." पदराने त्यांनी तोंड पुसलं. "मले वाटलं, इचाराले तू येशील."

"बायको म्हणाली, पाय पडला तर..."

"येशील म्हनून मी खांबापाशी बसून होती. आले मोठे बाबा, आन तुहा साळा. तू आला असता, तं म्या सांगतलं असतं, मांडवाच्या आंधीच गेले म्हनून."